बहाव्याचं बी रुजवताना

गोव्यात पेडण्याजवळ सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आमची थोडी जमीन आहे. सगळा जांभा, मध्येच कुठे वीतभर माती. पावसाळ्यात पाणी साचतं आणि फेब्रुवारी संपता संपता गवत वाळून जातं. अशा जागी बहावा तग धरतो, म्हणून त्याची रोपं बियांपासूनच करायची ठरवली.

शेंग हातभर लांब, काळी. आत आडवे पडदे आणि प्रत्येक कप्प्यात चिकट गरात एक चपटं बी. गर धुतला, किड्याने भोक पाडलेल्या बिया बाजूला काढल्या, उरलेल्या रात्रभर पाण्यात ठेवल्या. सकाळी बहुतेक जशाच्या तशा, खड्यासारख्या टणक.

अशा बिया फेकू नयेत. त्या जिवंत असतात, फक्त साल पाणी आत घेत नाही. सड्यावर हेच त्यांना वाचवतं: एप्रिलच्या एखाद्या अवकाळी सरीने सगळ्याच उगवल्या असत्या तर मे महिन्यात सगळ्याच करपल्या असत्या. एरवी माकडं, कोल्हे गर खातात, बी त्यांच्या पोटातून जातं, ऊनपावसाने साल झिजते आणि कधी हे, कधी ते बी रुजतं.

झिजवण्याचं काम मी सुतारांच्या पॉलिश पेपरने केलं. बी रुंद बाजूने घासायचं. आतला फिकट भाग जेमतेम दिसला की थांबायचं. टोकाला हात लावायचा नाही, मूळ तिथून फुटतं. पुन्हा रात्रभर भिजवल्यावर बिया टम्म फुगल्या. तो आनंद मोठा होता.

बिया भरपूर असतील तर गरम पाणी सोयीचं. उकळलेलं पाणी चुलीवरून उतरवायचं, मग त्यात बिया टाकून निवेपर्यंत ठेवायच्या. फुगतील त्या पेरायच्या, बाकीच्यांना पुन्हा तेच. काही रोपवाटिका सल्फ्युरिक आम्ल वापरतात. घरी त्याच्या वाटेला कुणी जाऊ नये. खैराला तर यातलं काहीच लागत नाही, त्याची साल पातळ, नुसतं भिजवलं तरी पुरे.

फुगलेलं बी लगेच पेरावं, पाण्यात राहिलं तर कुजतं. मी निम्मी वाळू, निम्मी लाल माती घेतली. सोटमूळ खोल जातं म्हणून पिशव्या उंच हव्यात. आपल्याकडच्या दमट हवेत कोवळं खोड बुरशीने मातीलगत कुजतं, त्यामुळे जूनमध्ये पिशव्या छपराखाली ठेवल्या आणि वरची माती सुकल्यावरच पाणी घातलं.

शेवटपर्यंत न फुगलेल्या बिया पहिल्या पावसात सड्यावरच्या भेगांत टाकून आलो. त्या सवडीने उगवतील.