कामिनोवरचा दगड, गुडघे आणि मूळ पाप

कामिनो म्हणजे स्पेनमधली सान्तियागो शहराकडे जाणारी ख्रिस्ती पायी यात्रा. तिच्या वाटेवर फोन्सेबादोन गाव मागे टाकलं की थोडा चढ आणि मग क्रूझ दे फेरो येतो, साधारण १५०० मीटर उंचीवर. लाकडाचा उंच खांब, टोकाला छोटासा लोखंडी क्रूस आणि खाली जगभरातून आणलेल्या दगडांचा ढीग. घरून आणलेला दगड इथे टाकला की पापाचं ओझं उतरलं असं लोक म्हणतात. मी वसईहून आणलेला टाकला, पण खरं सांगू का, चर्च असं काही शिकवत नाही, पाप जायला कुमसारच (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) करावा लागतो आणि तो केला तरी काहीतरी उरतंच.

हे काय उरतं ते पुण्याच्या मित्राला सांगण्यात माझा पुढचा अख्खा उतार गेला. तो पंढरीची वारी करणारा, त्याच्या डोक्यात ख्रिश्चन म्हणजे माणूस जन्मतःच पापी, विषय संपला. म्हटलं अरे बाबा, उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला आपल्या प्रतिमेत बनवतो आणि सगळं फार चांगलं झालंय म्हणतो ते आधी येतं, आदाम-एवाचं फळ नंतर. मूळ पाप म्हणजे बाळाने काही केलंय असं नाही. आजोबांनी घर गमावलं, नातू भाड्याच्या खोलीत जन्मला, त्याचा गुन्हा काहीच नाही पण खोली भाड्याचीच ना. बाप्तिस्म्याने ते पाप धुतलं जातं पण वाईटाकडची ओढ राहते, आणि ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, १५४६ मध्ये सांगितलं की ही ओढ स्वतः पाप नाही, तिला होकार दिला की पाप. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या लूथरच्या मते ओढ हेसुद्धा पापच. मला ट्रेंटचं पटतं, कॅथलिक आहे म्हणूनही असेल, पण अल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, पहाटे पाचला कोणीतरी प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरवत बॅग भरतो तेव्हा माझ्या मनात जे येतं ते सगळं पाप धरलं तर अवघड आहे.

मोलिनासेकाकडे उतरताना दोघांचे गुडघे गेले. तो म्हणाला शरीर काय रे, जुना कपडा, आत्मा खरा. आमच्यात तिथेच गंमत आहे, आत्मा अमर मानतो पण शरीराला कपडा म्हणत नाही, दर रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो असं म्हणतो, म्हणजे देहासकट. "हेच गुडघे परत?" "हेच." "रिपेअर करून द्यायला सांग मग."

पुढे विलाफ्रांका गावात सान्तियागोचं, म्हणजे संत याकोबाचं, १२ व्या शतकातलं चर्च आहे, त्याच्या एका दाराला क्षमेचं दार म्हणतात. आजारी यात्रेकरू इथपर्यंत पोचला तरी त्याला सान्तियागो शहराला पोचल्याचं फळ मिळायचं. आम्ही गेलो तेव्हा बंद, कारण ते फक्त पवित्र वर्षात उघडतात, म्हणजे २५ जुलै, संत याकोबाचा सण, रविवारी आला की, पुढचं २०२७. मित्र लगेच प्लॅन करायला लागला. मी सांगितलं की पूर्ण दंडमाफीसाठी, म्हणजे माफ झालेल्या पापाची उरलेली शिक्षाही सुटण्यासाठी, पायी चालणं ही अटच नाही, लागतं ते कुमसार, कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि कुठल्याही पापाची, अगदी बारीकसुद्धा, मनात ओढ नको. ही शेवटची अट ऐकून मीच दरवेळी गप्प होतो.

त्याला वेगळंच खुपलं. "म्हणजे बसने येणाऱ्यालाही तेवढंच?"

"तेवढंच."

ओ सेब्रेरोचा चढ लागेपर्यंत साहेब माझ्याशी बोलले नाहीत.