प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं व्हेनव्ह

व्हेनव्ह म्हणजे एका प्रोजेक्टपुरत्या पायथन पॅकेजेसचा वेगळा फोल्डर. उबुंटू २४.०४ वर थेट पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं अवजार) इन्स्टॉल केलंत तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’, म्हणजे हे पायथन सिस्टिम सांभाळते, म्हणून नकार मिळतो. बरोबरच आहे, सिस्टिमची काही अवजारं त्याच पायथनवर चालतात. ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय देऊन पुढे रेटू नका, नावातच काय ते आलं.

आधी अॅप्टने (उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) ‘पायथन३-व्हेनव्ह’ घ्या, मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘पायथन३ -एम व्हेनव्ह .व्हेनव्ह’ चालवा. अॅक्टिव्हेट केल्यावर मुख्यतः पाथच्या (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) सुरुवातीला त्याचा बिन फोल्डर लागतो, जादू काही नाही.

तयार व्हेनव्ह हलवू नका. बिनमधल्या पिपच्या पहिल्या ओळीत पूर्ण पत्ता कोरलेला असतो; जागा बदलली की ‘बॅड इंटरप्रिटर’. सरळ डिलीट करून रिक्वायरमेंट्स फाइलवरून (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) नवं बनवा. गिटमध्येही ते नकोच.

नवं बनवताना पॅकेजेस नेटवरून येतात, त्यामुळे पावसात सत्तरी-काणकोणकडे नेट गेलं की इथेच गाडी अडते. पणजीत नेट चांगलं असताना ‘पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी व्हील्स’ करून ठेवा (व्हील म्हणजे पॅकेजची तयार फाइल) आणि तो व्हील्स फोल्डर सोबत न्या. घरी पिप इन्स्टॉलला ‘--नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स व्हील्स’ जोडा. दोन्ही मशीनवर ओएस, प्रोसेसरचा प्रकार आणि पायथनची आवृत्ती जुळायला हवी, नाहीतर नम्पायसारख्या पॅकेजचं व्हील बसत नाही.