अपग्रेडनंतर पीसी सुरू होताना क्रॅश होतोय?

आजचा दिवस एका असेंबल्ड पीसीवर गेला. विंडोज ११ टाकल्यापासून लोगो येतो, निळी स्क्रीन, पुन्हा रीस्टार्ट. अशा वेळी लगेच फॉरमॅट करू नका, प्लीज!

आधी स्टॉप कोड (निळ्या स्क्रीनवर दिसणारं एररचं नाव) लिहून घ्या. 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जा. टीपीएम आणि सिक्युअर बूट या विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षा सुविधांसाठी बायोस अपडेट केला की बऱ्याचदा सगळी सेटिंग्ज डीफॉल्टवर येतात. स्टोरेज मोड (ड्राइव्हशी बोलण्याची पद्धत) आधी रेड (RAID) होता आणि आता एएचसीआय (AHCI) झाला, तर विंडोजला स्वतःचीच ड्राइव्ह सापडत नाही. मोड पूर्ववत केला की बहुतेकदा काम होतं.

कोड दर वेळी वेगळा येत असेल तर माझा पहिला संशय रॅमवर. बायोसमधलं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा, रॅमची एकच स्टिक ठेवून बघा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा. जुन्या सिस्टिमवर चालणारं ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेग) नव्यावर टिकेलच असं नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हरची शंका असेल तर सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेच्या ड्रायव्हरवर चालतं तो मोड) तो पूर्ण काढून नवा टाका. बूट होताना दोन-तीनदा पॉवर बटण दाबून बंद केलं की रिकव्हरी स्क्रीन येते. तिथे स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग सेफ मोडसाठी ४ दाबा.

जुन्या विंडोजवर परतायला साधारणपणे फक्त १० दिवस मिळतात.