बिडाच्या इंजिनाचा तडा घरच्या घरी सांधताना

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला तडा जाण्याचे आमच्या मराठवाड्यातील नेहमीचे कारण म्हणजे आटलेली विहीर. पाण्याने थंड होणाऱ्या या इंजिनांना थंडाव्याचे पाणी पुष्कळदा पंपाच्याच डिलिव्हरीतून दिलेले असते; त्यामुळे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला, फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) उघडा पडला आणि पंप पाणी ओढेनासा झाला, की इंजिनाचेही पाणी त्याच क्षणी तुटते. इंजिन मात्र चालूच राहते. जळका वास येऊ लागल्यावर कोणीतरी घाईने घागरभर गार पाणी त्याच्यावर ओततो आणि तापलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जागीच तडकते. औसा तालुक्यातील आमच्या शेतावरच्या पाच अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनाचे गेल्या वैशाखात नेमके हेच झाले आणि वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरभोवती थंडाव्याचे पाणी खेळते त्या पोकळीच्या) बाहेरच्या भिंतीला वीतभर तिरकी चीर पडली.

गावातील मिस्त्रींनी ती पाहून, "बीड कुठं जुळत असतंय का, अण्णा? भंगारात घाला अन् दुसरा ब्लॉक आणा," असा सल्ला दिला. दारे-खिडक्यांच्या ग्रिलसाठी वेल्डिंगचा जो साधा रॉड वापरतात, त्यापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन सुमारे ०.२ टक्के असतो, तर बिडात तो साधारण २.५ ते ४ टक्के असतो आणि त्यातील बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने धातूभर पसरलेला असतो. म्हणून बीड दाब उत्तम सोसते, पण ओढ बसली की न लवता तुटते. वेल्डिंग करताना सांध्यालगतची पट्टी अतिशय तापून झपाट्याने निवते, तेथे काचेसारखा कडक थर तयार होतो, आणि आकसणाऱ्या वेल्डने ओढ दिली की जुन्या चिरेशेजारीच नवी चीर पडते. तिचा 'टक्' असा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

यावर उपाय निकेलच्या रॉडचा आहे. निकेल मऊ राहते, आकसताना स्वतः ताणले जाते आणि बिडातील कार्बन मिसळूनही कडक होत नाही. रॉड महाग पडतो, परंतु वीतभर चिरेला फार रॉड लागत नाहीत.

खरे काम मात्र रॉड पेटवण्याच्या आधीचे असते. डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावी. चीर डोळ्यांना दिसते त्याहून पुढे गेलेली असते. ती कोठे संपते हे पाहण्यासाठी तिच्यावर रॉकेल लावावे, थोड्या वेळाने भाग कोरडा पुसून त्यावर खडूची पूड घासावी, म्हणजे आत मुरलेले रॉकेल झिरपून पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. त्या रेघेच्या दोन्ही टोकांना सुमारे ३ मिलिमीटरची भोके पाडली, की चीर पुढे धावत नाही. ड्रिलखालून लोखंडासारख्या वेटोळ्या न निघता काळी भुकटी पडली आणि बोटांना पेन्सिलीच्या शिशाप्रमाणे लागली, तर ते बीडच आहे, अशी खात्री बाळगावी. त्यानंतर ग्राइंडरने चिरेवर व्ही आकाराची खाच करावी आणि बिडात वर्षानुवर्षे मुरलेले तेल गॅसच्या बत्तीने हलके शेकून, पुन्हा पुन्हा पुसून काढावे. तेल राहिले तर वेल्डला छिद्रे पडतात.

बीड सांधण्याच्या दोन पद्धती आहेत: पूर्ण भाग भट्टीत लालसर होईपर्यंत तापवून सांधणे, किंवा तो सतत गार ठेवून सांधणे. घरी भट्टी नसल्याने दुसरीच पद्धत योग्य. अर्धा भाग बत्तीने तापवून काम उरकणे सर्वांत घातक आहे. मी २.५ मिलिमीटरचा रॉड आणि सुमारे ७० अँपिअरचा करंट ठेवला. संध्याकाळी गावभर कूलर सुरू असताना व्होल्टेज इतके पडते, की रॉड चिकटून बसतो, म्हणून हे काम पहाटे करावे. एका वेळी इंचभरच टाका घालायचा, तो लाल असतानाच गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोकायचा, स्लॅग (वेल्डवर जमणारी खपली) काढायचा आणि त्या जागी उघडा हात ठेवता येईपर्यंत थांबायचे. पुढचा टाका लगत न घालता चिरेच्या दुसऱ्या टोकाला घालायचा. ठोकल्यामुळे वेल्ड पसरतो आणि आकसण्याची ओढ कमी होते. या थांबण्याचाच माणसाला कंटाळा येतो, आणि बहुतेक सांधे तेथेच बिघडतात. शेवटी सगळा भाग कोरड्या राखेने झाकून रात्रभर तसाच ठेवला.

जॅकेटमध्ये पाणी भरल्यावर एका टोकाशी बारीक पाझर दिसला. तेथे पुन्हा वेल्ड चढवण्यापेक्षा धातूचा चुरा मिसळलेले इपॉक्सी लावणे मला शहाणपणाचे वाटले, कारण या भिंतीवर पाण्याचा थोडासा दाब सोडला तर कसलाही भार नसतो. इंजिन तासभर चालवून डिपस्टिक (तेल तपासायची पट्टी) पाहिली. पाणी मिसळून तेल दुधाळ झाले नव्हते, म्हणजे आतील भिंत शाबूत होती.

तेल दुधाळ आढळले असते, तर मी हे इंजिन वर्कशॉपकडेच पाठवले असते. सिलिंडरच्या आतील भिंतीला किंवा हेडमध्ये व्हॉल्व्हच्या दोन बैठकींमध्ये पडलेल्या चिरेला ज्वलनाचा दाब आणि उष्णता दोन्ही सोसावी लागतात, आणि तेथे घरचा वेल्ड टिकण्याची आशा मी धरणार नाही. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडला तर वेल्डिंगचा रॉड लावूच नये.