काजळी गिळलेल्या पेशी

स्लाइड फोकसमध्ये आणली आणि मी लगेच म्हणाले, "हा माणूस रोज पाकीटभर ओढत असणार." ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे नळी घालून श्वासमार्गाची तपासणी, करताना फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढून घेतलेला नमुना होता. वायुकोशांतल्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतल्या, बहुतेक मॅक्रोफेजमध्ये (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशींमध्ये) काळे ठिपके होते, काहींत इतके दाट की केंद्रकही दिसेना.

अर्जावर मात्र लिहिलं होतं: धूम्रपान नाही. वर्षात तिसऱ्यांदा न्यूमोनिया. मला पटेना, म्हणून वॉर्डात जाऊन विचारलं.

"मॅडम, विडीला कधी हात लावला नाही. एकवीस वर्षं चौकात उभा राहून वाहतूक सांभाळतो."

परत येऊन स्लाइड नीट पाहिली. सिगारेट ओढणाऱ्यांच्या मॅक्रोफेजमध्ये सहसा बारीक, पिवळसर-तपकिरी कण असतात. हा रंग कोळशाचा होता. त्यांना खोटं ठरवण्याआधी मला हे दिसायला हवं होतं.

२.५ मायक्रोमीटरहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसावा हिस्सासुद्धा नाही, नाकाघशात न अडकता थेट वायुकोशांत उतरतात. तिथे झाडलोट करायला मॅक्रोफेजच असतात. जिवाणू गिळला की त्या पचवतात, कार्बन पचत नाही. कणांना चिकटलेले धातू आणि धुरातली रसायनं पेशीला आतून पोळतात, आणि ती आयएल-६, आयएल-१ बीटा असे दाहाचे रासायनिक संदेश सोडत राहते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह वाढतो. संदेश रक्तात पोचले की यकृत सीआरपी हे दाहात वाढणारं प्रथिन आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन जास्त बनवतं आणि रक्त गोठण्याकडे झुकतं, म्हणून हृदयालाही धोका. शिवाय काजळीने भरलेली पेशी जिवाणू नीट गिळू शकत नाही. त्यांच्या तीन न्यूमोनियांचा विचार करताना मला हेच पुन्हापुन्हा आठवत होतं. पण एका स्लाइडवरून तसं ठामपणे लिहिता येत नाही. अहवालात मी 'कार्बनचे कण असलेले मॅक्रोफेज' असं नोंदवलं आणि पहिल्यांदाच रुग्णाचा व्यवसायही लिहिला.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "ते काळं निघून जाईल ना?"

थोडं कफाबरोबर निघेल, थोडं फुप्फुसाजवळच्या लसीका ग्रंथींत राहील, मी खरं तेच सांगितलं. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "सोमवारी ड्युटी आहे."

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. चौकातून कचेरीत बदली मिळावी यासाठी पत्र द्या, माझा अहवाल सोबत जोडा, असं सांगितलं.