छापलेला पत्ता

पुस्तिका छापून, बांधून, वाटून झाली होती. बत्तीस पानी, पिनअप बाइंडिंग, मुखपृष्ठ चार रंगांत. एका प्रशिक्षण संस्थेची प्रवेश पुस्तिका होती ती, आणि त्याच संस्थेची चौदा पानांची वेबसाइटही आम्हीच सांभाळायचो. दोन्ही कामं एकाच मशीनवर, एकाच सॉफ्टवेअरमध्ये: मायक्रोसॉफ्टचं पब्लिशर २००७. पुस्तिका छपाईसाठी आणि साइट वेब पब्लिकेशन म्हणून. त्यामुळे रंग, फॉन्ट, तक्ते सगळं जुळून यायचं, आणि मला त्याचा अभिमान होता.

सकाळी दहाला संस्थेच्या समन्वयक मॅडमचा फोन आला. "अहो, पुस्तिकेत शेवटची तारीख एक आणि साइटवर दुसरीच. सकाळपासून लोक विचारतायत, खरी कोणती धरायची?"

मी साइट उघडली, वरच्या पट्टीतल्या 'प्रवेश'वर क्लिक केलं. तारीख बरोबर होती, पुस्तिकेत होती तीच. "मॅडम, मला तर बरोबर दिसतेय," म्हटलं. त्यांनीही उघडून बघितली. "हो, इथेही बरोबर आहे. मग लोकांना काय दिसतंय?"

पुढच्या तासाभरात आणखी तक्रारी आल्या आणि गोंधळ वाढला, कारण सगळ्यांची तक्रार सारखी नव्हती. कुणाला जुनी तारीख दिसत होती. कुणाला पानच मिळत नव्हतं, ४०४ येत होतं. मी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं: ब्राउझरमध्ये जुनं पान साठलं असेल, रिफ्रेश करा, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा. असं मी चार जणांना तरी सांगितलं असेल. ते चौघंही बरोबर होते आणि मी चुकत होतो, हे आज आठवलं तरी मनाला लागतं. त्यांना मुदतीच्या आत अर्ज भरायचा होता आणि मी त्यांना रिफ्रेशचं बटण दाबायला लावत होतो.

मग एका वयस्क गृहस्थांचा फोन आला. नातीच्या प्रवेशासाठी बघत होते. आवाज शांत होता. माझं रिफ्रेशचं सांगणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुस्तिकेच्या मागच्या पानावर पत्ता छापलाय. तो मी अक्षर न् अक्षर टाइप केलाय. तुम्ही कधी तो टाइप करून बघितलात का?"

नव्हता बघितला. साइट उघडायची म्हणजे माझा हात मुख्य पानाकडे जायचा आणि तिथून क्लिक करत आत. मॅडमही तशाच जात होत्या. मी पुस्तिका समोर घेतली आणि मलपृष्ठावरचा पत्ता टाइप केला: साइटचं नाव, तिरकी रेघ, 'इंडेक्स', अंडरस्कोर, 'फाइल्स', तिरकी रेघ, मोठ्या 'पी'ने सुरू होणारं 'पेज', त्याला चिकटून ३४६, टिंब, एचटीएम. एंटर दाबलं. समोर गेल्या वर्षीचं प्रवेशाचं पान, गेल्या वर्षीच्या तारखेसकट, अगदी व्यवस्थित उघडलं.

चौदा पानांच्या साइटमध्ये ३४६ हा आकडा कुठून आला? आपण पानाला फाइलचं नाव दिलं नाही, तर सॉफ्टवेअर आपणहून देतं. मुख्य पानाची फाइल 'इंडेक्स' नावाने बाहेर राहते. बाकीची पानं, चित्रं, सगळा लवाजमा शेजारच्या 'इंडेक्स_फाइल्स' या फोल्डरमध्ये जातो आणि तिथे पानांना 'पेज' आणि पुढे एक आकडा अशी नावं पडतात. तो आकडा प्रोग्रामच्या सोयीचा असतो, वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. पुस्तिकेची जुळणी चालू असताना प्रवेशाच्या पानाचा पत्ता मी ब्राउझरमधून उचलून तसाच मजकुरात डकवला होता. त्या दिवशी तो खरा होता.

पंधरा दिवसांनी संस्थेकडून शुल्काचा नवा तक्ता आला. जुन्या पानावर तो बसेना, चौकटी एकमेकींवर चढायला लागल्या. म्हणून मी पानाची प्रत काढली, प्रतीवर नवी मांडणी केली, तारीख बदलली आणि मूळ पान काढून टाकलं. प्रत म्हणजे प्रोग्रामच्या लेखी नवं पान, त्याला नवा आकडा मिळाला, ११०३. साइट पुन्हा प्रकाशित केली, फाइली एफटीपीने सर्व्हरवर चढवल्या, क्लिक करून तपासल्या. सगळं ठीक होतं.

ते ठीकच दिसणार होतं. वरच्या पट्टीतला दुवा पब्लिकेशनच्या आत फाइलच्या नावाला बांधलेला नसतो, पानाला बांधलेला असतो. पानाचं नाव काहीही झालं तरी प्रकाशित करताना सॉफ्टवेअर तो दुवा जुळवून घेतं. त्यामुळे आतून कितीही वेळा तपासलं तरी चूक सापडत नाही. नाव धरून ठेवलेलं असतं ते बाहेरच्यांनी: छापील कागदाने, कुणीतरी पाठवलेल्या ईमेलने, ब्राउझरमधल्या बुकमार्कने. आणि सर्व्हरचं म्हणाल, तर एफटीपीने चढवलेल्या फाइली त्याच नावाच्या फाइलींवर बसतात, नव्या नावांच्या नव्याने जमा होतात, पण आपल्याकडून काढून टाकलेली फाइल तिथून आपोआप जात नाही. ३४६ क्रमांकाचं पान गेल्या वर्षीच्या तारखेसह तिथेच राहिलं होतं, साइटवरच्या कुठल्याही दुव्याने न जोडलेलं. त्याच्याकडे जाणारी वाट एकच उरली होती, आणि ती आम्ही पुस्तिकेच्या प्रत्येक प्रतीवर छापून घरोघर पाठवली होती.

तिथे ४०४ आलं असतं तर बरं झालं असतं. पान सापडत नाही म्हटल्यावर माणूस फोन तरी करतो. जुनी तारीख दिसली, तर तो ती खरी मानून 'मुदत संपली' म्हणून गप्प बसू शकतो. असे किती जण गप्प बसले असतील, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला.

पण मग काहींना ४०४ का येत होतं? पुस्तिकेत हा पत्ता तीन ठिकाणी होता. मलपृष्ठावर साधा. अकराव्या पानावर एका चौकटीत, आणि चौकटीच्या मजकुराला मी जी स्टाइल लावली होती तिच्यात 'ऑल कॅप्स' होतं. रोमन अक्षरं आपोआप कॅपिटल होऊन छापली गेली होती. साइटच्या मुख्य नावात लहानमोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही. पण त्याच्या पुढच्या भागात, फोल्डर आणि फाइलच्या नावात, लिनक्स सर्व्हरवर पडतो. विंडोजला मोठा 'पी' आणि छोटा 'पी' एकच, त्यामुळे आमच्या मशीनवर हे कधी जाणवलंच नव्हतं. आमचा सर्व्हर लिनक्सवर होता. अकराव्या पानावरून टाइप करणाऱ्या प्रत्येकाला ४०४ मिळत होतं.

चौथ्या पानावरची गफलत शोधायला मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला. तिथे पत्ता वाहत्या मजकुरात होता, सगळी अक्षरं कॅपिटल न होता, नीट. मी टाइप केला, उघडला. आमच्याकडच्या नव्या ऑपरेटर मुलीला टाइप करायला सांगितला, तिचा उघडला नाही. तिने दोनदा केला, दोनदा नाही. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिने 'इंडेक्स' टाइप केलं, स्पेसबार दाबला आणि 'फाइल्स' टाइप केलं.

"स्पेस का दिलीस?"

"छापलीय ना, दादा."

मी पुस्तिका डोळ्यांजवळ नेली. दुवा आहे हे कळावं म्हणून पत्त्याखाली रेघ होती, आणि त्या रेघेत अंडरस्कोर पूर्ण बुडाला होता. डोळ्यांना दिसत होती फक्त दोन शब्दांमधली मोकळी जागा. मला तो अंडरस्कोर आहे हे आधीच माहीत होतं म्हणून मला तो दिसत होता. तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने कागदावर होतं ते वाचलं. पुस्तिकेचं मुद्रितशोधनही तीनदा झालं होतं. पण मुद्रितशोधक हस्तलिखिताशी अक्षरं ताडून बघतो, आणि हस्तलिखितातही तीच रेघ होती. पत्ता चालवून बघायचा असतो. तो अक्षरांचा मजकूर नाही, कुलपाची किल्ली आहे, हे त्या मुलीच्या स्पेसबारवरच्या अंगठ्याने मला शिकवलं.

साहेब दुपारी आले. मी झाला प्रकार जसाच्या तसा सांगितला. ते चिडले नाहीत, एवढंच विचारलं, "नाव आपल्या हातात होतं का?"

होतं. वेब पेज ऑप्शन्सच्या खिडकीत पानाच्या शीर्षकाची जागा असते, शोधयंत्रांसाठी वर्णन आणि कीवर्ड असतात, पानाला पार्श्वसंगीत लावायचीही सोय असते. आणि मध्येच एक छोटा रकाना असतो, फाइलच्या नावाचा. चौदाही पानांवर मी शीर्षकं भरली होती, वर्णनं भरली होती, तो रकाना तेवढा कोरा ठेवला होता. शीर्षक म्हणजेच नाव अशी माझी समजूत होती. शीर्षक ब्राउझरच्या वरच्या कडेला दिसतं. पत्त्यात जातं ते फाइलचं नाव. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आधी आग विझवायची होती. छापलेला कागद परत बोलावता येत नव्हता, म्हणून छापलेले तिन्ही पत्ते खरे करायचे ठरवलं, चुकीचे छापलेले दोन धरून. नोटपॅडमध्ये एक छोटं एचटीएमएल पान लिहिलं. त्याच्या डोक्यात शून्य सेकंदांत नव्या पत्त्यावर पाठवणारी मेटा रिफ्रेशची ओळ, आणि तसं झालं नाही तर दाबायला खाली एक दुवा. सर्व्हरच्या पातळीवर कायमची ३०१ वळणवाट देणं जास्त योग्य, पण आमच्या हातात फक्त एफटीपी होतं. हे पान ३४६च्या जागी बसवलं, जुन्या तारखेचं पान गेलं. मग सर्व्हरवर आणखी दोन फोल्डर केले: एक सगळ्या कॅपिटल अक्षरांचा आणि एक अंडरस्कोरऐवजी स्पेस असलेला. दोन्हींत तेच वळण देणारं पान ठेवलं, पहिल्यात फाइलचं नावही कॅपिटलमध्ये. कॅपिटलवाला फोल्डर आधी माझ्या मशीनवर करायला गेलो, तर विंडोज म्हणे या नावाचा फोल्डर आहेच. शेवटी एफटीपीमधून थेट सर्व्हरवर केला. तिथे दोघं शेजारी शेजारी नांदले.

मग सगळ्या पानांना नावं द्यायला बसलो, मी, साहेब आणि ती मुलगी. 'इंडेक्स'ला हात लावायचा नाही, कारण नुसतं साइटचं नाव टाकलं की सर्व्हर तीच फाइल शोधतो. बाकी तेरा. मुलीने पहिल्या रकान्यात देवनागरीत 'प्रवेश' लिहिलं. मला ते मनापासून आवडलं. आपल्या भाषेतल्या पानाचं नाव आपल्या लिपीत का नसावं? करून बघितलं. पण पत्ता कॉपी करून ईमेलमध्ये डकवला की प्रत्येक देवनागरी चिन्हाचे यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरं होतात. प, हलन्त, र, व, मात्रा, श अशी सहा चिन्हं, त्यांची चोपन्न अक्षरं. असा पत्ता पुस्तिकेत छापायचा आणि आजोबांनी तो टाइप करायचा? नाइलाजाने रोमनमध्ये 'प्रवेश' लिहिलं. सगळी लहान अक्षरं, स्पेस नाही, अंडरस्कोर नाही, दोन शब्द असतील तर मध्ये आडवी छोटी रेघ.

साहेबांचं म्हणणं पडलं की नावात वर्ष घालावं, म्हणजे जुनं पान कुणी नवं समजणार नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, त्या दिवशी तर जास्तच. पण मी अडून बसलो. प्रवेश दरवर्षी होतो, पान तेच राहतं, आतला मजकूर बदलतो. वर्ष घातलं की दर वर्षी पत्ता बदलणार आणि दर वर्षी जुन्या पुस्तिका खोट्या पडणार. वर्ष पानाच्या मथळ्यात मोठ्या अक्षरांत घालू, फाइलच्या नावात नको. त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

शेवटी सेटिंगमध्ये जाऊन पूरक फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची खूण काढली. पानं आणि चित्रं सगळी एकाच जागी आली, फाइलींची गर्दी झाली, पण पत्त्यातून 'इंडेक्स_फाइल्स' कायमचं गेलं. उरलेल्या बारा पानांच्या जुन्या पत्त्यांवरही वळण देणारी पानं ठेवली. कुणी बुकमार्क केली असतील तर त्यांनी का अडावं?

संध्याकाळी सकाळच्या त्या गृहस्थांना फोन केला. झालेली चूक आमची होती हे सांगितलं, माफी मागितली आणि पुन्हा एकदा बघायची विनंती केली. त्यांनी चष्मा मागवला. प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत पत्ता टाइप केला, मी इकडे श्वास रोखून ऐकत होतो. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्यांनी तारीख वाचली. बरोबर होती.

"थांबा," ते म्हणाले, "अकराव्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलाय, तोही टाकून बघतो." मी फोन कानाला तसाच धरून माझी पुस्तिका अकराव्या पानावर उघडली.