रूट ब्रिज पॅकिंग खात्यात!

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नेटवर्क मधूनच झोपतंय म्हणून आज गेलो होतो. नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या पेट्या म्हणजे स्विच; डेटा गोल गोल फिरत राहू नये म्हणून ते स्पॅनिंग ट्री या पद्धतीने आपसात एक प्रमुख निवडतात, तो रूट ब्रिज. प्रायॉरिटीचा आकडा ज्याचा लहान, तो निवडून येतो. बघतो तर सगळ्या स्विचची प्रायॉरिटी 32768, म्हणजे मूळचीच, कुणी हातच लावलेला नाही. मग बरोबरी झाली की सर्वांत लहान मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा कायमचा नंबर) ज्याचा, तो रूट ब्रिज. इथे तो मान मिळालेला पॅकिंग खात्यातल्या धुळीने माखलेल्या जुन्या स्विचला! गरम झालं की तिथले काका त्याचा प्लग काढून पंखा लावणार, की रूटची निवडणूक पुन्हा सुरू. जुन्या स्पॅनिंग ट्रीत नुसता पोर्ट (तार लावायची खाच) चालू व्हायलाच 30 सेकंद.

कोअर, म्हणजे मधल्या मुख्य स्विचला 4096 प्रायॉरिटी दिली, रॅपिड स्पॅनिंग ट्री (त्याच पद्धतीचा वेगवान प्रकार) लावलं, पीसींच्या पोर्टना पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू) आणि बीपीडीयू गार्ड (तिथे कुणी स्विच जोडला तर पोर्ट बंद). स्पॅनिंग ट्री म्हणजे 1985 मध्ये संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमनबाईंनी काढलेली युक्ती, अजून कामाला येते राव!

काका म्हणाले, "साहेब, पंख्याचं काय?" दुसरा प्लगचा बोर्ड बसवून घ्या म्हटलं.